प्रश्न क्रमांक अकरा

एका फॉर्ममागे पस्तीस रुपये,
चहा मिळाला तर तो वेगळा.
कोपरखैरणे, सेक्टर पाच ते आठ माझ्याकडे.
माथाडींच्या खोल्यांवर चढवलेले मजले,
जिने इतके उभे
की पॅड दातात धरावं लागतं.

पहिले दहा प्रश्न सोपे.
घरात माणसं किती, मोबाइल किती,
बंद पडलेले किती.
माणसांचा आकडा दारातच सांगतात.
बंद पडलेल्यांसाठी आत जातात,
मग स्टूल ओढल्याचा आवाज येतो.

पेडामकर बाईंच्या वॉशिंग मशीनमध्ये कांदे होते.
मी 'बंद' लिहायला लागले तर म्हणाल्या,
बंद कुठे? वापरात आहे.
घोलपांच्या फ्रीजमध्ये मुलीची डिप्लोमाची पुस्तकं,
दार उघडताना अजून वाटतं, दिवा लागेल.
एका घरी चार्जरच सतरा.
त्यातला एकही कशाला बसत नाही,
तरी नवरा-बायकोचं वाजलं,
सोळा की सतरा यावरून.

मग अकरावा.
"ही सगळी उपकरणं नीट, कायदेशीर पद्धतीनं
मोडायला नेली, तर त्यासाठी
आपलं कुटुंब दरमहा किती रुपये देईल?"
शून्य, वीस, पन्नास, शंभर, त्याहून जास्त.

इथे पंखा ऐकू येतो.

द्यायचे? म्हणजे आम्ही द्यायचे?
अहो, भंगारवाला तर उलट दीडशे हातावर ठेवतो.
मालमत्ता कर मग कशाचा भरतो आम्ही?
कंपनीनं न्यावं की, विकताना बरे दारात येतात.
तुम्हीच लिहा ना काहीतरी, तुम्हाला बरं पडेल ते.
एक मुलगी शंभर म्हणाली,
आतून आई म्हणाली, तुझ्या पगारातून?
मुलगी वीसवर आली.

शून्य आलं तर खाली कारणाची चौकट:
परवडत नाही. विश्वास नाही. पालिकेचं काम. इतर.
'इतर'पुढे दोन इंचांची रेघ.

सेक्टर आठमधले धोंड्ये,
त्यांचं एकेकाळी ठाण्याला, चरईत, टीव्ही दुरुस्तीचं दुकान.
त्यांनी चष्मा पुसला, फॉर्म मागून घेतला,
उलटा करून पाहिला,
जणू मागच्या बाजूला स्क्रू असतील.
पन्नास लिहा, म्हणाले.
पण त्यातले मोडणाऱ्या पोराच्या हातात किती?
मी म्हटलं, काका, तो रकानाच नाही.
मग बघा, म्हणाले, कुठंतरी कनेक्शन लूज आहे.

मी हसले.
दुसऱ्या मजल्यापर्यंत हसत होते.

माझा धाकटा भाऊ नागनाथ
पावणे एमआयडीसीत एका गाळ्यात असतो.
बोर्ड तापवायचा, चिमट्यानं दाणे उपटायचे,
हिरवं एका पिंपात, काळं दुसऱ्या.
सोनं काढता म्हणे, मी एकदा विचारलं होतं.
सोनं शेठ काढतो, म्हणाला, मी दिवस काढतो.
रात्री दोनदा साबण लावतो,
तरी भाकरीला बोटांचा वास लागतो
म्हणून चमच्यानं कालवून खातो.
आई शेजारणीला सांगते, साहेब झालाय.

रविवारी एक फॉर्म कमी पडत होता.
आमचंच घर घेतलं.
माणसं चार, मोबाइल तीन,
बंद पडलेले दोन, बिस्किटांच्या डब्यात.
अकरावा मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवला,
'आपलं कुटुंब' वगैरे, अगदी लोकांना वाचते तसा.
चमचा ताटात ठेवून तो विचार करत बसला,
त्रेसष्ट घरांत कुणीच केला नव्हता एवढा वेळ.

शून्य, म्हणाला.
कारण?
इतर.
इतर म्हणजे काय, ते लिहावं लागतं रे.
तो उठला, ताट घासलं,
परत हात धुतले.

सोमवारी ऑफिसमधून फॉर्म परत आला.
रेघ कोरी, शेरा: अपूर्ण.
पस्तीस रुपये कापले.